पोलंडची पीक कापणी

"सांगितलेलं की मोजलेलं?"

कुठलाही आकडा कानावर पडला की आमचे सर पहिल्यांदा हे विचारत. दूधवाला म्हणाला दोन लिटर घातलं, तरी हेच. रिक्षावाला म्हणाला स्टेशन इथून तीन किलोमीटर, तरी हेच. एकदा पिंप्राळ्यात नवीन राहायला आलेल्या शेजाऱ्यानं ओळख करून देताना "मला चार मुलं" असं सांगितलं, तर सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सांगितलेली की मोजलेली?" तो शेजारी पुढं कधी त्यांच्याशी बोलला नाही. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्या घरात तीनच मुलं दिसतात, चौथा कुठं आहे, याचा त्यांनी महिनाभर माग ठेवला. चौथा मामाकडं शिकायला होता. तो दिवाळीला आलेला दिसला तेव्हा सर मला म्हणाले, "आकडा बरोबर होता." त्या दिवशी ते खुशीत होते.

असे किस्से मी सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. मला ती हातोटी आहे. पण या माणसाला आयुष्यात एकच मोठी गोष्ट करायची होती आणि ती माझ्यामुळं झाली नाही, हे मी कुठल्या बैठकीत सांगत नाही. इथं सांगतो.

सर मुळात सर नव्हतेच. सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात नोकरीला होते आणि त्यांचं काम होतं पीक कापणी. गावातलं एक वावर काढायचं, त्यात दोरी धरून दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. अशा तुकड्यांवरून मग तालुक्याचं पीक ठरायचं. कुठला तुकडा कापायचा हे माणसानं ठरवायचं नाही. त्यासाठी एक पुस्तिका असते. तिच्यात पानंच्या पानं नुसते आकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ती उघडायची, बोट ठेवायचं, येईल तेवढी पावलं चालायची आणि तिथं खुंटी ठोकायची. पीक जोमदार असो की मेलेलं, कापायचं तिथंच.

नोकरी सोडताना सरांनी त्या पुस्तिकेची स्वतःच्या हातानं नक्कल करून घेतली होती. क्लासमध्ये प्रश्न कुणाला विचारायचा, भाजी कुठली करायची, रविवारी कुठला सदरा घालायचा, सगळं ते तिच्यातून काढत. एका हिवाळ्यात सलग तीन दिवस वांग्याचं भरीत निघालं. चौथ्या दिवशी पुन्हा भरीतच निघालं तेव्हा मी म्हणालो, "सर, आज राहू द्या, माझ्याकडं शेवभाजी आहे." ते म्हणाले, "मग पुस्तिका कशाला ठेवायची?" आणि वांगी आणायला गेले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच वावरात. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो. आमचे वडील, म्हणजे नाना, गावच्या पैसेवारी कमिटीत होते. पैसेवारी म्हणजे पिकाची सरकारी मोजणी. शंभर पैसे म्हणजे भरपूर पीक, आणि पन्नासच्या आत आलं की शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, शिवाय आणखी काय काय. त्यामुळं पीक कितीही आलं तरी सांगताना निम्मं सांगायचं, हे आमच्याकडं लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. नाना काही गरीब नव्हते. केळीचे बाग होते, विहिरीला पाणी होतं. पण तलाठी दारात आला की नानांचा चेहरा असा पडायचा की त्यालाच दोन घास द्यावेसे वाटावेत.

त्या दिवशी पुस्तिकेतून आमचं ज्वारीचं वावर निघालं. नानांनी खडकाळ कोपरा आधीच दाखवून ठेवला होता.

"ऊन लागी जाई साहेब, अठेच कापा ना," नाना म्हणाले.

साहेबांनी कोपऱ्याकडं पाहिलंही नाही. पुस्तिकेत बोट ठेवलं आणि ओठ हलवत पावलं मोजत निघाले. पावलं संपली ती वावराच्या मधोमध, जिथं कणसं माणसाच्या डोक्यावर लोंबत होती. नाना मागून धावले.

"साहेब, तठे साप शे!"

साहेब वळले. "सांगितलेला की पाहिलेला?"

नाना खोटं बोलण्यात पटाईत, पण इतक्या सरळ प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. खुंटी ठोकली गेली. साहेबांनी घरचा चहा घेतला नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्याले. कणसं तोलताना तराजू तीनदा रिकामा करून पाहिला. त्या वर्षी आमचं गाव पन्नासच्या वर गेलं. सूट गेली, फी भरावी लागली. गावानं ते सगळं नानांच्या माथी मारलं, कारण वावर नानांचं. "बठ्ठं गाव बुडाई टाकं त्या मानूसनी," असं नाना पुढं कितीतरी वर्षं म्हणत. मग पंचक्रोशीतून अर्ज गेले आणि साहेबांची बदली दोंडाईच्याला झाली. तिथूनही अर्ज गेले असणार. जिथं जातील तिथं लोक त्यांना निम्मं सांगत आणि हे पूर्ण लिहीत, तर दुसरं काय होणार? शेवटी त्यांनी नोकरीच सोडली.

बी.कॉम. होऊन जळगावात काम शोधत हिंडत होतो तेव्हा पिंप्राळ्यात एका जिन्याशी 'संगणक शिका' अशी पाटी दिसली. वर गेलो. दाराबाहेर चपला काढायच्या, आत एक खोली, वाळ्याचा कूलर आणि तीन संगणक. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटण्याचे ते दिवस होते. टेबलामागं तेच साहेब. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या वावरात साप निघाला का पुढं?"

"नाही, सर," मी म्हणालो.

"उद्यापासून ये."

एवढीच मुलाखत. मी टायपिंग शिकलेलो होतो, म्हणून नोंदी, पत्रं आणि नवीन मुलांना शिकवणं असं सगळंच माझ्याकडं आलं. सरांच्या पत्नी धुळ्याला शाळेत शिकवायच्या. त्यांना सगळे बाई म्हणत. सर शनिवारी एस.टी.नं धुळ्याला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. बाई कधी पिंप्राळ्याला आल्या नाहीत. एकदा मी कारण विचारलं तर सर म्हणाले, "तिथं ती एकटी असते तेव्हा भाजीत मीठ तिच्या मनानं घालते." यात तक्रार कुणाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ होता. पूर्व युरोपात एकामागून एक सरकारं कोसळत होती, बंद देश उघडत होते, आणि पेपरात रोज नकाशे यायचे. जळगावात त्याचं कुणाला काय पडलेलं? आम्हाला केळीचे भाव पुरे. पण सरांनी वहीच्या एका पानावर त्या सगळ्या देशांची नावं लिहिली, पुस्तिका उघडली, डोळे मिटून बोट ठेवलं.

"पोलंड," ते म्हणाले.

"त्याचं काय, सर?"

"तिथं संगणकाचा बाजार किती वाढेल ते मोजायचं. पाच वर्षांत. आपण इथं दुकानदारांसाठी जो प्रोग्राम बनवलाय, माल किती आला किती गेला सांगणारा, तो तिथं चालेल का ते बघायचं. चालेल असं निघालं तर जायचं."

"पण पोलंडच का?"

"आकडा निघाला."

हा खुलासा त्यांनी पुढं कितीतरी लोकांना दिला आणि प्रत्येकानं माघारी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं. जळगावच्या दुकानदारांना संगणक म्हणजे पोरांचा खेळ वाटत होता आणि हा माणूस पोलंड मोजायला निघाला होता. पण मोजायला निघाला तो कसा, ते सांगायला हवं. दिल्लीला त्यांच्या वकिलातीला पत्रं लिहून लिहून त्यांनी तिथल्या एका मध्यम गावाची टेलिफोनची जुनी डिरेक्टरी मिळवली. ती आली त्या दिवशी त्यांनी मला पेढे आणायला पाठवलं. "पातळ आहे," ते डिरेक्टरीवरून हात फिरवत म्हणाले, "तिथं पण लोक फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेत. आपल्यासारखेच." मग पुस्तिका उघडून पान काढलं, ओळ काढली, खूण केली. पुन्हा पान, पुन्हा ओळ. वावरात पावलं टाकावीत तसे ते त्या डिरेक्टरीत ओठ हलवत चालत होते. दुकानं, दवाखाने, कारखाने मिळून साठ नावं निघाली.

पाच प्रश्न तयार झाले, आणि वकिलातीतल्या कुणा बाईनं ते त्यांच्या भाषेत उतरवून दिले. तुमच्याकडं माणसं किती? संगणक किती? दोन वर्षांत किती घेणार? किमतीमुळं थांबला आहात का? आणि शेवटचा सरांचा लाडका प्रश्न: प्रोग्राम विकत घेतला की कुणाकडून उतरवून घेतला? उत्तरं फक्त आकड्यांत किंवा हो-नाहीत द्यायची. साठ पाकिटांवर पत्ते मी लिहिले. त्या अक्षरांवर कुठं टिंब, कुठं शेपटी. एक जरी शेपटी चुकली तर सर ते पाकीट फाडायचे.

दोन महिने काही नाही. पोस्टमन आमच्या जिन्याखालून गेला की सर खिडकीत उभे. मग एक पाकीट आलं, मग तीन, मग रोजच काहीबाही यायला लागलं. निम्म्याहून जास्त लोकांनी उत्तर धाडलं. कोण कुठला पिंप्राळ्याचा माणूस विचारतोय, आणि पोलंडमधला एक दातांचा डॉक्टर, एक पाववाला, एक बुटांच्या कारखान्याचा मॅनेजर, ही माणसं पोस्टाचा खर्च करून त्याला आकडे कळवतायत. पाववाल्यानं तर कागदामागं दुकानाचं चित्र काढून पाठवलं होतं.

शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी सरळ लिहिलं होतं की उतरवून घेतला.

सर ती पत्रं टेबलावर पसरून बसले होते. मला म्हणाले, "बस. हे बघ. चोरून घेतला, असं कोण लिहून देतं? यांनी दिलंय. ज्यानं हे खरं लिहिलं तो बाकीचं खोटं कशाला लिहील?" त्यांनी पाववाल्याचा कागद उलटून चित्र पाहिलं. मग म्हणाले, "वीस वर्षं मी खान्देशात वावरं तुडवली. एकाही माणसानं मला खरा आकडा सांगितला नाही. तुझ्या बापानंसुद्धा नाही. मी नेहमी सांगितलेलं सोडून मोजत आलो. आज पहिल्यांदा सांगितलेलं आणि मोजलेलं एकच आहे."

त्यांचे डोळे भरले होते. मी तोवर सरांना फक्त कूलरच्या धुळीनं डोळे पुसताना पाहिलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी चहा सांगायला खाली गेलो.

हिशेब करायला आठ महिने गेले. एकेक आकडा मी संगणकात घातला, सरांनी तोच कागदावर केला, दोन्ही जुळले तरच पुढं. निष्कर्ष असा निघाला की तिथला संगणकाचा बाजार पाच वर्षांत चौपट होईल. त्याच सुमारास मुंबईच्या एका निर्यातीच्या सरकारी कार्यालयाची जाहिरात आली. परदेशातल्या नव्या बाजारांवर टिपण पाठवा, ज्यांची टिपणं पटतील त्यांना शिष्टमंडळातून त्या देशात नेऊ. सरांनी ती जाहिरात कापून भिंतीला लावली. टिपण निवडलं गेलं तर ते आणि मी, दोघं पोलंडला जाणार. पाववाल्याकडं आमचा प्रोग्राम चालवून दाखवणार. टिपण पाठवायला दोन महिने होते, तेवढ्यात त्यांनी लोकरीचा कोट शिवून घेतला. जळगावच्या मे महिन्यात तो अंगात घालून ते आरशापुढं उभे राहिले आणि घामाघूम होऊन म्हणाले, "बाह्या बरोबर आहेत."

टिपण टाइप करायचं काम माझं. तेव्हाच नाना डोळ्यांच्या डॉक्टरकडं दाखवायला जळगावला आले आणि माझ्या खोलीवर उतरले. कागद पाहून त्यांनी विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" मी सगळं सांगितलं. माणूस कोण हे कळल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण माझं परदेशाचं ऐकून जरा हरखलेही.

"चौपट? आनि हाई सरकारले धाडनार?"

"हो."

"येडा शे का तू? सरकारले कधी खरं सांगानं नही. खरं सांगं की ते म्हनस, तुमले काय कमी शे, जा घर. निम्मं लिख. मंग देख, हात धरीसन लई जातीन."

तुम्ही हसाल. मीही हसायला हवं होतं. मी बी.कॉम. झालेला, संगणक शिकवणारा माणूस. इथं सूट मागायची नव्हती, बाजार मोठा आहे हेच तर सांगायचं होतं. पण लहानपणापासून जे अंगात मुरलंय ते पदवीनं जात नाही. मला खरोखर वाटलं की चौपट पाहून मुंबईचे साहेब म्हणतील, एवढी वाढ आपोआप होणार असेल तर यांना नेऊन काय करायचं, आणि दुप्पट पाहून म्हणतील, बिचारे, यांना मदतीची गरज आहे. आणि खोटं कशाला बोलू, एका कोपऱ्यात असंही वाटलं असेल की आमच्या गावाला पन्नासच्या वर नेणाऱ्या या माणसाचा एक आकडा तरी आपण खाली ओढावा. कुठलं कारण किती, ते मला आजही सांगता येत नाही. मी चौपटीचं दुप्पट केलं. तेवढ्यावर थांबलो नाही. दुप्पट जुळावं म्हणून आतले सगळे तक्ते, पाववाल्याचा, दातांच्या डॉक्टरचा, सगळ्यांचे पुढच्या वर्षांचे आकडे एकेक करून निम्मे केले. त्याला मला दोन दिवस लागले.

सोमवारी सर धुळ्याहून आले. मी टिपण पुढं ठेवलं. आता सापडणारच होतो. दुधाचा हिशेब तीनदा करणारा माणूस. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"सगळं मोजून घातलंस ना?"

"हो, सर."

"मग झालं," ते म्हणाले, आणि एकही पान न उलटता शेवटी सही केली. जगातल्या सगळ्या माणसांतून त्यांनी विश्वास ठेवायला मला निवडलं होतं. पुस्तिका न उघडता.

तीन महिन्यांनी मुंबईहून पत्र आलं. भाषा सभ्य होती. आपला अभ्यास परिश्रमपूर्वक केलेला आहे, मात्र आपण दाखवलेली दुपटीचीच वाढ पाहता या देशासाठी शिष्टमंडळात जागा ठेवणं सध्या योग्य वाटत नाही.

सरांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "दुप्पट?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी क्लासला सुट्टी दिली आणि स्वतःचा सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायला बसले. त्यांना वाटलं, चूक त्यांच्याच हातून झाली. तीन दिवस ते सगळे कागद पुन्हा करत होते आणि मी समोर बसून त्यांना पत्रं काढून देत होतो. त्या तीन दिवसांत मी शंभरदा बोलू शकलो असतो. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी टिपणाची आमच्याकडची प्रत मागितली. ती आणि स्वतःचे कागद शेजारी शेजारी ठेवून ते पान उलटत गेले. शेवटच्या पानाशी थांबून त्यांनी चष्मा काढला.

"हे टाइप करताना झालं का?"

"हो, सर. चूक झाली."

"एका ठिकाणी की सगळीकडं?"

"सगळीकडं."

"सगळीकडं बरोबर निम्मं. मग ही चूक नाही."

मी मान खाली घातली. आता ओरडतील, हाकलून देतील, अशी मी वाट पाहत होतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते पत्रं गोळा करायला लागले. पाववाल्याचं चित्र वर आलं तेव्हा ते म्हणाले, "मला खोटं पाडलंस त्याचं काही नाही. मला सवय आहे. पण या लोकांनी खरं लिहिलं होतं."

मुंबईला त्यांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्यात 'आमच्याकडून चूक झाली' असं लिहिलं, माझं नाव घातलं नाही. उत्तर आलं की यादी पूर्ण झाली आहे. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "उद्या नऊला ये. नवीन बॅच आहे."

मी गेलो. नऊला गेलो. टेबलाशी नेहमीसारखा बसलो. थोड्या वेळानं आतून सरांनी विचारलं, "किती आले?"

"अकरा, सर."

सर उठले, दारात आले, बोटानं एकेक मूल मोजलं, आणि आत गेले.

त्यानंतर आम्ही एकत्र काम केलं ती सगळी वर्षं हे असंच चाललं. ते मला प्रत्येक आकडा विचारत. मी सांगत असे. मग ते उठून स्वतः मोजत. फ्लॉपी किती उरल्या, पत्रं किती आली, घड्याळात किती वाजले. घड्याळ त्यांच्या मनगटावर असायचं, तरी मला विचारायचे आणि मग मनगट वर करायचे. एकदा तरी त्यांनी टोमणा मारावा, आवाज चढवावा, म्हणून मी काय काय केलं. मुद्दाम उशिरा गेलो, एकदा भांडण उकरून काढलं. ते माझ्याशी नेहमीच्या मायेनं बोलायचे आणि मोजायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की काही दिवस मी घरी जेवलो नाही. माझं मन इतकं कोतं की जो माझ्यामुळं फसला त्याच्यावरच मी जळत राहिलो.

मी नोकरी सोडून का गेलो नाही, असं लोक विचारतात. पुण्याला नव्या कंपन्या निघत होत्या, बोलावणीही आली. पण मुलाखतीला आत गेलो की आधी नाव, शिक्षण, आणि मग विचारणार, याआधी काय केलंत. तिथं काय सांगणार होतो? शहरात मोठ्या नावांचे चकचकीत क्लास आले आणि आमच्या जिन्यावरच्या चपला कमी होत गेल्या. सर मोजत राहिले. मोजायला फार वेळ लागेनासा झाला.

पाच वर्षं भरली त्या सुमारास एका पेपरच्या आतल्या पानावर बातमी आली. पोलंडमध्ये संगणकाची विक्री किती वाढली आणि बाहेरच्या कंपन्या तिथं कशा रांगा लावून उभ्या आहेत, असं सगळं. सरांच्या अंदाजाला ते लागून होतं, कदाचित थोडं पुढंच. मी पेपर घडी करून खुर्चीखाली सरकवला. दुपारी सर म्हणाले, "लपवू नकोस, मी वाचनालयात वाचलं."

"सर, तुमचं खरं झालं," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

"छापलंय," ते म्हणाले. "मोजायला कुणी तिथं गेलं नाही." आणि पुढच्या मुलाला शिकवायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला तो उतरेना. बाईंनी त्यांना धुळ्याला नेऊन दवाखान्यात ठेवलं. मी क्लासला कुलूप घालून गेलो. चार दिवस बाई आणि मी पाळीपाळीनं बसलो. बाई एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणजे यांना बरं वाटतं. यांना माणसं कमी." बाईंना काही ठाऊक नव्हतं, सरांनी घरी काही सांगितलेलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी बाई चहा आणायला खाली गेल्या. नर्सनं मला थर्मामीटर लावायला सांगितलं होतं, खाटेला अडकवलेल्या कागदावर आकडा लिहायचा होता. मी काढून पाहिलं. एकशे चार. सरांनी डोळे उघडले.

"किती?"

"शंभर, सर," मी म्हणालो. "उतरतोय."

मी ते दयेनं म्हणालो. देवाशपथ दयेनं. त्यांना धीर यावा म्हणून. त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. मी थर्मामीटर त्या हातात दिलं. त्यांना ते डोळ्यांपाशी नेता येईना, पाऱ्याची रेघ दिसावी म्हणून खिडकीकडं वळवता येईना. मी मनगटाला आधार दिला तर त्यांनी तो सोडवून घेतला. बऱ्याच वेळानं त्यांनी ते अगदी डोळ्याला टेकवलं.

"एकशे चार," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं.

"दाखव."

मी कागद त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांना दिसेना. त्यांनी चष्मा मागितला.